ठरावातली दहा तारीख

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा (तुझ्या भाषेत, 'त्या बसल्याबसल्या पगार खाणाऱ्या'चा) शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझ्या गुडघ्यांचं काय चाललं आहे, भाऊजींचा खोकला उतरला का आणि सूनबाईच्या पोटात अन्न ठरतं का, ते सविस्तर कळव. सविस्तर म्हणजे तुझ्या नेहमीच्या पद्धतीने नव्हे. गेल्या पत्रात तू तिघांच्या प्रकृतीला मिळून दोन ओळी दिल्यास आणि मला फैलावर घ्यायला चार पानं. त्यातलं चौथं पान तर पाठपोट होतं.

तू विचारतेस की सभागृहात त्या माणसांपासून दोन हातांवर बसतोस, त्यांचा शब्दन् शब्द लिहून घेतोस, आणि हे युद्ध कधी संपणार, आघाडीवर गेलेला आपला ठोंब्या घरी कधी येणार, एवढं साधं तुला सांगता येत नाही? ताई, नाही येत. शब्दन् शब्द लिहून घेतो म्हणूनच येत नाही. नुसतं वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी वाटतं की आपल्याला काहीतरी समजलं. मला गेल्या तीन वर्षांत एकदाही तसं वाटलेलं नाही. ठोंब्या जानेवारीत पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन गेला, आता सूनबाईला सातवा लागला, डॉक्टरांनी ऑक्टोबरचा मध्य सांगितला, दहा तारखेच्या आत पोरगा दारात हवा, हे तुझं सगळं मला पाठ आहे. पण मी लिहिणारा आहे, ठरवणारा नाही, हे तुझ्या डोक्यात शिरेल तो सुदिन.

आमच्या कामाची पद्धत सत्तावीस वर्षांत तुला सतरा वेळा सांगितली. तू एकदाही शेवटपर्यंत ऐकली नाहीस, म्हणून अठराव्यांदा सांगतो. सभागृहाच्या मधोमध एक अर्धगोल टेबल असतं. त्यावर आम्ही लघुलेखक पाच-पाच मिनिटांच्या पाळीने बसतो. पाच मिनिटं ऐकू येईल ते लघुलिपीत उतरवायचं, पुढचा आला की उठायचं, मागच्या दाराने शाखेत यायचं आणि त्या रेघोट्या साध्या अक्षरात टाइप करायच्या. शाखा म्हणजे जिन्याखालची लांबोडकी खोली. सहा टेबलं, एक खिडकी (उघडत नाही), एक पंखा (थांबत नाही) आणि आमच्या शाखाप्रमुख बाई (दोन्ही करत नाहीत). बाईंचा नियम एकच: जे बोललं गेलं ते लिहा, त्यात आपली अक्कल घालू नका. मी तो सत्तावीस वर्षं पाळला आहे, त्यामुळे माझी अक्कल अजून कोरी करकरीत आहे. भाऊजींना हे वाचून दाखव, त्यांना फार दिवसांनी माझं म्हणणं पटेल.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक सदस्याला त्याच्या भाषणाची प्रत जाते. कशासाठी, तर भाषेची दुरुस्ती करण्यासाठी. भाषेची! एखादी वेलांटी, एखादा उकार, दोनदा आलेला शब्द. आणि इथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू होतो.

आमच्या युद्धमंत्र्यांना आम्ही शाखेत 'पोलाद' म्हणतो, कारण पहिल्याच भाषणात त्यांनी आपली छाती पोलादाची असल्याचं तीनदा सांगितलं होतं (मी तिन्ही वेळा लिहिलं). हे परमुलखातलं युद्ध तीन आठवड्यांत संपेल, असं ते तीन वर्षांपूर्वी म्हणाले. तीन आठवडे झाल्यावर म्हणाले की आठवडे धरताना फक्त चांगल्या हवेचे धरायचे होते. सहा महिन्यांनी म्हणाले की हे मुळात युद्धच नाही, ही मोहीम आहे. मग मोहीम कधी संपणार, असं कुणी विचारलं, तर ती अजून पुरती सुरूच झालेली नाही, तेव्हा संपण्याचा प्रश्न कुठे येतो! गेल्या वर्षी त्यांनी शेवटचा शत्रू शरण येईतो लढण्याची गर्जना केली. दुसऱ्या सकाळी स्वतः जिना उतरून शाखेत आले, माझ्या टेबलाच्या कडेला टेकले आणि 'शेवटचा शत्रू शरण येईतो' एवढं खोडून त्याजागी 'यथावकाश' लिहिलं. बाई म्हणाल्या, ही भाषेची दुरुस्ती नव्हे. तर म्हणतात, चार शब्दांचं काम एका शब्दात झालं, म्हणजे भाषा सुधारलीच की! या वसंतात निवडणुकीची तारीख लागली, आणि त्यांच्याच मतदारसंघातल्या बाजारात त्यांची गाडी दिसताच दुकानदारांनी धडाधड फळ्या ओढून घेतल्या. त्या आठवड्यात पोलाद उभे राहिले आणि म्हणाले की युद्ध संपावं असं म्हणणारा या सभागृहातला पहिला माणूस मीच. पुरावा काय? तर तीन वर्षांपूर्वी 'तीन आठवड्यांत संपेल' हे कोण म्हणालं होतं?

तुला वाटेल, विरोधी पक्षनेते तरी सरळ असतील. त्यांना आम्ही 'वादळ' म्हणतो. युद्धाच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर करून पाठिंबा दिला, तेव्हा सर्वांत उंच हात वादळांचा होता (उंच माणूस आहे, त्यात पुन्हा टाचा उचललेल्या). दोन वर्षांनी माणसं युद्धाला शिव्या घालू लागली, तेव्हा वादळांना आठवलं की आपण पहिल्यापासून मनातून विरोधातच होतो. ते शाखेत आले आणि म्हणाले, त्या दिवशी माझा हात वर होता तो पंखा मंद करा असं सांगायला. तशी तळटीप घाला. बाईंनी नकार दिला. वादळ महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत, आणि सभागृहात मात्र उद्या सकाळी सैन्य परत आणा म्हणून टेबल बडवत राहिले. मग पोलादही शांततेचं बोलू लागले. तेव्हा वादळांच्या लक्षात आलं की यांच्या हातून युद्ध संपलं तर आपल्या हाती काय राहणार! लगेच म्हणाले, घाईघाईची माघार म्हणजे शूरांचा अपमान. ताई, त्या आठवड्यात आमच्या शिपायाकडून पाकिटं उलटसुलट झाली. पोलादांच्या भाषणाची प्रत वादळांकडे गेली आणि वादळांची पोलादांकडे. दोघांनी नीट वाचून, प्रत्येकी दोन वेलांट्या सुधारून, सही करून परत पाठवल्या. दोघांनाही संशय आला नाही. मी तेव्हा कपाळाला हात लावला तो अजून काढलेला नाही.

तिसरे आमचे 'तराजू'. अकरा सदस्यांचा पक्ष, पण त्या अकरांशिवाय कुणाचंच पान हलत नाही. त्यांचं म्हणणं असं की युद्ध संपवलंच पाहिजे, फक्त हरून नको, जिंकलो म्हटलं तर बरं दिसणार नाही, आणि आहे तसं सोडायचं तर सोडायला धरलंय कुणी! हे सगळं ते एका वाक्यात बसवतात: 'सन्मानपूर्वक, टप्प्याटप्प्याने आणि परिस्थितीचा साकल्याने विचार करून.' पहिल्या वर्षी हे लिहायला मला अर्धी ओळ लागायची. लघुलिपीत जे फार वेळा येतं त्याची एक आखूड खूण करून टाकतात, तशी मीही केली. आता एक छोटा वळसा काढला की झालं, नखाएवढा. त्या नखाएवढ्या वळशात आपल्या पोराची तीन वर्षं गेली, ताई. मला ते रोज कळतं, आणि रोज मी तो वळसा काढतो.

ठोंब्याचं मलाही एक पत्र आलं होतं, तुला सांगितलं नाही. भाऊजींच्या बदल्यांच्या धबडग्यात पोरगा पाच वर्षं माझ्याकडे राहून शिकला, त्यामुळे मामाला लिहिताना त्याचा हात जरा सैल सुटतो. लिहितो की तिथे एक पूल आहे. सकाळी गाड्या पुलापलीकडे जातात आणि संध्याकाळी अलीकडे येतात. येताना बिघडतात, मग रात्रभर हा त्यांच्याखाली आडवा. गाड्या पलीकडे कशाला जातात, ते कुणी सांगत नाही. पुढे म्हणतो, मामा, तुम्ही तिथेच बसता, तुम्हाला माहीत असेल, कळवा. आणि जाड मोजे पाठवा. मोजे मी त्याच दिवशी पाठवले. उत्तराला दोन महिने झाले, चार वेळा कागद पुढे ओढला आणि 'अनेक आशीर्वाद'च्या पुढे माझं घोडं गेलं नाही.

असो. आता गेल्या पंधरवड्यातला तमाशा ऐक. तिन्ही पुढारी चार दिवस बंद खोलीत बसले आणि त्यांचं सगळ्यावर एकमत झालं. युद्ध संपवायचं, सन्मानाने संपवायचं, आणि श्रेय ज्याचं त्याला द्यायचं. घोडं अडलं ते फक्त तारखेवर. पोलादांना निवडणुकीच्या आधीची हवी, वादळांना नंतरची, तराजूंना साधारण त्या सुमाराची. शेवटी काय करावं? ठराव तसाच आणला. 'अखेरचा सैनिक दिनांक अमुकपर्यंत मायदेशी परत यावा', असा अमुकसकट वाचून दाखवला, आणि तारीख तिघे मिळून संध्याकाळपर्यंत सचिवांना कळवतील, असं ठरलं. ठराव एकमताने संमत! बाकं एवढी वाजली की माझ्या टेबलावरची दौत सरकत कडेला आली.

आमच्या शाखेतून छापखान्यात रिकामी जागा कधी जात नाही. फार वर्षांपूर्वी एकदा गेली होती. छापखान्यातल्या कुण्या शहाण्याने तिथे तीन चांदण्या छापल्या, आणि त्या चांदण्यांचा अर्थ काय यावर सभागृह दोन दिवस भांडलं. तेव्हापासून बाईंची शिस्त अशी की माहिती यायची असेल तिथे तात्पुरती कुठलीही तारीख टाकायची आणि तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचा. लाल गोल असलेला कागद छापखाना अडवून ठेवतो. खरी तारीख आली की ती घालायची, गोल खोडायचा, मग छपाई. त्या दिवशी तो गोल करायचा राहिला. कुणाकडून राहिला, पाळी कुणाची होती, त्यात तू शिरू नकोस. माणसं आहेत, दमतात, चुकतात. कागद सरळ छापखान्यात गेला आणि सकाळी अधिकृत वृत्तान्तात ठराव छापून आला: अखेरचा सैनिक दिनांक दहा ऑक्टोबरपर्यंत मायदेशी परत यावा. योगायोग बघ, ताई, नेमकी तुझीच दहा!

आता खरं तर बोंब व्हायला हवी होती, कारण आदल्या संध्याकाळी ते तिघे भेटलेच नव्हते. तिघेही शांततेवर भाषणं द्यायला तीन दिशांना गेले होते. पण सकाळी प्रत्येकाने छापलेली तारीख पाहिली आणि प्रत्येकाची समजूत झाली की बाकीच्या दोघांनी आपल्याला वगळून ठरवलं. मला माहीत नव्हतं, असं कोण म्हणणार? पोलादांनी तासाभरात पत्रकार बोलावून सांगितलं की सैन्याच्या तयारीचा बारकाईने अभ्यास करून दहा तारीख त्यांनीच काढली. वादळ म्हणाले, सरकारला एकतीस हवी होती, आम्ही मानगूट धरून दहावर आणलं. तराजू म्हणाले की नऊ म्हणणारे आणि अकरा म्हणणारे यांच्यात त्यांनी समेट घडवला. (नऊ कोण म्हणत होतं? अकरा कोण म्हणत होतं? मी सत्तावीस वर्षं तिथे बसतो!) तिसऱ्या दिवशी सेनापतींना हुकूम गेले, चौथ्या दिवशी जहाजांची यादी लागली. ठोंब्याची तुकडी तिसऱ्या जहाजावर आहे. मी यादी दोनदा वाचली आणि मग डोळे पुसून तिसऱ्यांदा.

एवढं होऊनही सुख लागू देतील तर शपथ. सचिवालयात एक तपासनीस आहे, चष्म्याच्या वरून बघणारा. त्याने फाईल चाळली आणि त्याला दिसलं की तिघांच्या सहीचं तारखेचं पत्र फायलीत नाहीच. मग ही तारीख आली कुठून? सोमवारी शाखेतल्या प्रत्येकाने लिहून द्यायचं आहे की जे बोललं गेलं तेवढंच आम्ही लिहिलं. तारीख कुणाचीच नाही असं निघालं, तर ठराव पुन्हा सभागृहापुढे येणार. आला, की जहाजं थांबली, आणि पुन्हा आपले सन्मानपूर्वक आणि टप्प्याटप्प्याने. माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे, पण ते बाकीच्यांचंही पळालं आहे, तेव्हा तू त्यावरून भलते तर्क करत बसू नकोस.

भाऊजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद. जिने चढू देऊ नकोस तिला. लोभ आहे तेवढा पुरे, राग मात्र थोडा कमी करावा, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. गेल्या वर्षभरात तू सभापतींना चौदा अर्ज पाठवलेस. त्यातल्या सहांत ठळक अक्षरात 'दहा ऑक्टोबरच्या आत' असं आहे. (सूनबाईचं कळल्यापासूनचे ते सहा, आधीच्या आठांत 'ताबडतोब'. मी आज दुपारी जाऊन मोजले.) आणि खाली प्रत्येकात तू लिहून ठेवलं आहेस की 'माझा सख्खा भाऊ आपल्याच सभागृहात लघुलेखक आहे, त्यालाही विचारावे'. शाबास! हे अर्ज तपासनिसाच्या शेजारच्याच कपाटात आहेत. तेव्हा हे पत्र मिळताच पंधरावा अर्ज लिही. त्यात लिही की एका सैनिकाची आई या नात्याने दहा ऑक्टोबर ही तारीख तुला बिलकूल मान्य नाही, घाई होते आहे, आणि युद्ध सन्मानपूर्वक, टप्प्याटप्प्याने आणि परिस्थितीचा साकल्याने विचार करूनच संपवावं. मसुदा सोबत जोडला आहे. वाचून तुझ्या अंगाचा तिळपापड होईल, तरी सही कर. भूमिका बदलणाऱ्यांना मी आत्ताच पानंच्या पानं झोडपलं, आणि आता तुलाच बदलायला सांगतो आहे, हे मलाही दिसतं आहे. त्यावर तुला जे बोलायचं असेल ते ऑक्टोबरनंतर बोल.

ता. क. २. योगायोगाचं वर लिहिलं ते खोटं. पाळी माझी होती. लाल पेन्सिल हातातच होती. गोल करण्यासाठी ती टेकवलीसुद्धा, मग उचलली. कागद बाईंकडे गेला. त्यांनी तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्या भाच्याची बायको कधी बाळंत व्हायची आहे?" मी सांगितलं. बाईंनी सही केली आणि कागद स्वतः खाली छापखान्यात नेऊन दिला. सोमवारी त्याही लिहून देणार आहेत, मीही देणार आहे. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं लिहून देणार. हे पत्र फाड. भाऊजींना दाखवण्याआधी फाड. मघाची ती अकलेबद्दलची ओळ तोंडी सांग.

ता. क. ३. दहाला बंदरावर ते तिघेही येणार आहेत, हार घेऊन. ठोंब्याच्या गळ्यात कुणी ना कुणी घालेलच, घालू दे, तू मध्ये तोंड उघडू नकोस. मी येणार नाही. त्या दिवशी सभागृहात अभिनंदनाचा ठराव आहे, पहिली पाळी माझी आहे, आणि नेमक्या दहालाच मी रजा मागितली तर तो तपासनीस मान वर करून बघेल. जहाजावरून उतरल्यावर पोरगा गर्दीत मला शोधेल. त्याला सांग, मामाला काम होतं.